पंप हवा का घेतो? – शोषण नळीतील हवागळतीचा शोध आणि उपाय

(रब्बी हंगामपूर्व शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विभागातील व्याख्यात्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रब्बीच्या मेळाव्यात कृषिविद्येच्या व्याख्यात्याने वाण, बीजप्रक्रिया आणि खतांच्या मात्रांविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असते. आज मी विहिरीवरच्या पंपाविषयी बोलणार आहे. पाण्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक आम्ही आपल्याला सांगतो, परंतु ते पाळायचे की नाही हे शेवटी पंप ठरवतो. आणि पंप मागे पडण्याचे एक अगदी साधे, पण हमखास दुर्लक्षित राहणारे कारण म्हणजे शोषण नळीतून, म्हणजे सक्शन पाईपमधून, आत शिरणारी हवा.

प्रथम हिशेब पाहू. बागायती गव्हाला मुकुटमुळे फुटण्याची अवस्था (१८ ते २१ दिवस), कांडी धरण्याची अवस्था (४० ते ४५ दिवस), फुलोरा व चीक भरण्याची अवस्था (६० ते ६५ दिवस) आणि दाणे भरण्याची अवस्था (८० ते ८५ दिवस) या पाण्याच्या दृष्टीने नाजूक अवस्था आहेत. एका पाळीला ६ सें.मी. पाणी धरले तर एकरी सुमारे २ लाख ४० हजार लिटर पाणी लागते. आपला ५ अश्वशक्तीचा पंप सेकंदाला ८ लिटर पाणी देत असेल, तर एक एकर भिजायला सव्वाआठ तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. हवा शिरल्यामुळे तोच पंप सेकंदाला ६ लिटरच देऊ लागला, तर अकरा तास लागतात. लाईट आठच तास मिळत असेल तर पाच एकर गहू पहिल्या स्थितीत पाच दिवसांत भिजतो, दुसऱ्या स्थितीत सात दिवस लागतात. मुकुटमुळे फुटण्याची संधी तर चारच दिवसांची असते. म्हणजे शेवटच्या दीड-दोन एकरांचे पाणी उशिरा पोचणार, आणि त्याचा फटका फुटव्यांना बसणार. बियाणे तेच, खत तेच, तरी उत्पन्नात फरक पडतो.

दुसरी गोष्ट रात्रीच्या पाळीची. मध्यरात्री लाईट आली की अंधारात विहिरीवर जाऊन पंप भरायचा, दहा-वीस घागरी पाणी ओतायचे, हे काम किती जोखमीचे आहे ते आपणांस सांगायला नको. ज्यांनी लाईट येताच पंप आपोआप सुरू करणारे ऑटो स्विच बसवले आहे, त्यांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. पंप रिकामा झालेला असेल तर तो रात्रभर कोरडा फिरतो आणि सकाळी ग्लँड, सील किंवा बुश जळालेले आढळते.

पाणी वर कसे येते?

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता पंप फक्त नळीतील दाब कमी करतो आणि विहिरीतील पाण्यावर असलेला बाहेरच्या हवेचा दाब ते पाणी नळीतून वर ढकलतो. हवेला असा दाब असतो हे इटलीतील शास्त्रज्ञ तोरिचेल्ली यांनी १६४३ साली पाऱ्याच्या नळीने दाखवून दिले. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो. आपल्या पठारी भागात, ५५० ते ६०० मीटर उंचीवर, तो साडेनऊ मीटरच्या थोडा वर भरतो. त्यातून नळीतील घर्षण, फूट व्हॉल्व्हचा अडथळा वगैरे वजा जाता पंप पाण्यापासून सहा मीटरपेक्षा जास्त उंच ठेवू नये. चार-साडेचार मीटरच्या आत ठेवता आला तर उत्तम.

आता महत्त्वाचा मुद्दा. पंप चालू असताना शोषण नळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. त्यामुळे जोडाला बारीक भेग असेल तर तेथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. डिलिव्हरी पाईपची गळती चिळकांडीने लांबून दिसते. सक्शनची गळती कोरडी असते. म्हणूनच ती सापडत नाही आणि दोष मोटारीला, लाईटला किंवा विहिरीच्या झऱ्यांना दिला जातो.

सेंट्रिफ्युगल पंपाचा पंखा पाणी फेकण्यासाठी बनवलेला असतो. हवा हलकी असल्यामुळे ती पंख्याच्या मध्याशी साचते आणि पाण्याची वाट अडवते. थोडी हवा शिरली तर पाणी कमी होते. हवेचे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या पुढे गेले की बहुतेक साधे पंप पाणी सोडून देतात.

लक्षणे कशी ओळखावीत?

१) डिलिव्हरीच्या तोंडाशी पाणी दुधाळ, फेसाळ दिसते आणि झटक्याझटक्याने पडते.

२) ॲमीटरचा काटा थरथरतो व नेहमीपेक्षा खाली येतो. हवा शिरल्यावर पंपावरचा भार कमी होतो, म्हणून अँपिअर कमी होतात. व्होल्टेज कमी असेल तर बहुधा उलट घडते, अँपिअर वाढतात व मोटार तापते. ही खूण लक्षात ठेवल्यास दोष लाईटचा की हवेचा, हे उभ्या उभ्या समजते.

३) सुरुवातीला पाणी जोरात येते, मग हळूहळू कमी होत जाऊन सुटते.

४) काल भरलेला पंप आज सकाळी रिकामा असतो.

पाणी नक्की किती कमी झाले हे नजरेने सांगता येत नाही. त्यासाठी २०० लिटरचे पिंप डिलिव्हरीखाली धरून ते भरायला लागणारा वेळ घड्याळात पाहावा. २५ सेकंदांत भरले तर सेकंदाला ८ लिटर, ३३ सेकंद लागले तर ६ लिटर. दिवाळीच्या सुमारास पंप चांगला चालत असताना हे माप घ्यावे आणि विहिरीतील पाण्याच्या पातळीसह स्टार्टरच्या पेटीवर खडूने लिहून ठेवावे. पातळी खाली जाईल तसे पाणी थोडे कमी होणारच. त्याहून अचानक मोठी घट दिसली तर हवेचा संशय घ्यावा.

पहिली तपासणी : पंप बंद ठेवून

जी गळती चालू पंपावर दिसत नाही ती बंद पंपावर दिसते. पंप बंद झाला आणि फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपण सर्रास 'फुटबॉल' म्हणतो, तो नीट बसला की डिलिव्हरी पाईपमधील पाण्याचे वजन सक्शन पाईपवर येते. आता आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. ज्या भेगेतून हवा आत जात होती तिच्यातूनच आता पाणी बाहेर पाझरते. मात्र डिलिव्हरीवर पंपाजवळ नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर हे वजन खाली येत नाही. अशा वेळी पंप भरण्याच्या नरसाळ्यातून काठोकाठ पाणी भरून तपासणी करावी.

पद्धत अशी. मेन स्विच बंद करावा. पंप व सक्शन पाईप पाण्याने पूर्ण भरावा. सर्व जोड कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत. पाऊण-एक तासाने प्रत्येक जोडाखालून बोट फिरवून पाहावे. कोरड्या राखेची चिमूट जोडावर टाकल्यास ओल लगेच दिसते. यातून तीन निष्कर्ष निघतात.

• जोड ओला झाला, तर हवा तेथूनच शिरते.

• सर्व जोड कोरडे, पण नरसाळ्यातील पाणी खाली गेले, तर फूट व्हॉल्व्ह गळतो.

• जोड कोरडे आणि पाणीही जागच्या जागी, तर सक्शन पाईप व फूट व्हॉल्व्ह बहुधा ठीक आहेत. दोष ग्लँडमध्ये, पाईपच्या मांडणीत किंवा पाण्याच्या पातळीत शोधावा.

दुसरी तपासणी : पंप चालू ठेवून

पंपापासून सुरुवात करून खाली विहिरीकडे जावे. एकेका जोडावर साबणाचा दाट फेस लावावा. गळती असेल तेथे फेस आत ओढला जाऊन खळगा पडतो. पेटती उदबत्ती जोडाजवळ नेल्यास धूर आत ओढला जातो, मात्र वारा असेल तर ही खूण फसवी ठरते. यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे जोडाभोवती ओले पोतडे घट्ट गुंडाळणे. ज्या जोडाला पोतडे गुंडाळताच पाण्याची धार सुधारते व ॲमीटरचा काटा स्थिर होतो, तोच दोषी जोड. हे करताना मोटारीवर व स्टार्टरवर पाणी उडू देऊ नये, ओल्या हाताने स्विचला स्पर्श करू नये आणि मोटारीचे अर्थिंग आधी तपासून घ्यावे.

ज्यांना शक्य आहे त्यांनी पंपाच्या सक्शन बाजूला व्हॅक्यूम गेज बसवावे. एक मीटर पाण्याची उंची म्हणजे सुमारे ७४ मि.मी. पारा. पंपापासून पाणी ४ मीटर खाली असेल तर चालू पंपावर गेजने किमान ३०० मि.मी. दाखवले पाहिजे, घर्षण धरून थोडे जास्तच. गेज त्याहून कमी दाखवत असेल व काटा नाचत असेल, तर नळीतील पाण्यात हवा मिसळलेली आहे. गेज नेहमीपेक्षा खूप जास्त दाखवते आणि पाणी मात्र कमी, असे असेल तर फूट व्हॉल्व्हची जाळी काडीकचऱ्याने तुंबली आहे किंवा विहिरीचे पाणी फार खाली गेले आहे. अशा वेळी पंपात खडे खळखळल्यासारखा आवाज येतो. हा दोष हवागळतीचा नव्हे, आणि त्याचा उपायही वेगळा आहे.

हवा शिरण्याच्या नेहमीच्या जागा

ग्लँड : दोरीचे पॅकिंग असलेल्या ग्लँडमधून चालू पंपावर सेकंदाला एखादा थेंब पाणी पडलेच पाहिजे. ग्लँड अगदी कोरडी असेल तर तेथून हवा जात असण्याची शक्यता आहे. जुनी, कडक झालेली दोरी पूर्ण काढून नवी ग्राफाईट दोरी कडी-कडीने भरावी. प्रत्येक कडीचा सांधा आधीच्या कडीच्या सांध्यावर येऊ देऊ नये. थेंब थांबावा म्हणून नट आवळत राहू नये, त्याने शाफ्ट झिजतो. मेकॅनिकल सील असलेल्या पंपात मात्र थेंब पडत नाही. पडू लागला तर सील बदलावे.

फ्लँज : रबरी गॅस्केट वाळून चिरते. सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून वेळ मारून नेऊ नये. सुमारे ३ मि.मी. जाडीचे अखंड गॅस्केट घालावे व बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत.

आट्यांचे जोड : जुने सूत खरवडून काढावे. नवे सूत व सफेदा किंवा टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळून जोड बसवावा.

पी.व्ही.सी. पाईप : उन्हाने पाईप ठिसूळ होतो व सॉकेटपाशी केसासारखी चीर पडते. चिरेवर चिकटपट्टी किंवा डांबर लावणे हा उपाय नाही. तेवढा तुकडा कापून नवा जोडावा आणि सॉल्व्हेंट सिमेंट शक्यतो एक दिवस वाळू द्यावे. पाईपचे वजन पंपावर लोंबकळू देऊ नये, त्याला विहिरीच्या कडेला स्वतंत्र आधार द्यावा. अनेक जोड या वजनामुळेच सैल होतात.

छोटे प्लग व कॉक : पंप भरण्याचा कॉक, गेजच्या छिद्रातील प्लग, पाणी काढून टाकण्याचा प्लग हे सर्वांत शेवटी आठवतात. ते आधी पाहावेत, कारण ही दुरुस्ती टेपच्या एका गुंडाळीत होते.

शेततळ्यावरील लवचिक होज : इंजिन पंपाचा होज वळणाच्या जागी आतून फाटतो, बाहेरून धड दिसतो. क्लिपजवळचा भाग वाकवून पाहावा. तेथे चीर दिसली तर तेवढा भाग कापून क्लिप पुन्हा आवळावी.

गळती नसतानाही हवा

काही ठिकाणी एकही जोड गळत नाही, तरी पंप हवा घेतो. याची तीन कारणे आढळतात.

पहिले, सक्शन पाईप पंपाकडे सतत चढता नसणे. मध्ये कोठे उंचवटा असेल तर तेथे हवेचा फुगा साचतो. मोठा पाईप पंपाच्या लहान तोंडाला जोडताना वरची बाजू सपाट असलेला रिड्यूसर वापरावा.

दुसरे, फूट व्हॉल्व्ह पुरेसा बुडालेला नसणे. पाणी खाली जाते तेव्हा त्याच्यावर भोवरा तयार होतो आणि भोवऱ्यातून हवा आत जाते. फूट व्हॉल्व्ह पाण्याखाली किमान ६० सें.मी. असावा व तळापासून ३० सें.मी. वर असावा. भोवरा दिसला तर पाण्यावर लाकडी फळी तरंगत सोडावी. तेवढ्यापुरता भोवरा मोडतो.

तिसरे, वरून पडणारे पाणी. कपारीतला झरा किंवा कालव्याचे पाणी फूट व्हॉल्व्हजवळच कोसळत असेल, तर त्याबरोबर बुडबुडे आत ओढले जातात. पडणारी धार पन्हळीने किंवा पाईपने लांब न्यावी.

नोव्हेंबरमधील पंप फेब्रुवारीत का बिघडतो?

हा प्रश्न आपणांपैकी पुष्कळांना पडलेला आहे. पावसाळ्यानंतर विहीर भरलेली असते व सक्शन पाईपचे खालचे जोड पाण्याखाली असतात. तेथे भेग असली तरी तिच्यातून पाणीच आत येते, बिघाड जाणवत नाही. पातळी उतरली की तोच जोड उघडा पडतो आणि हवा घेऊ लागतो. शिवाय पातळी जितकी खाली, तितका नळीतील दाब कमी, म्हणून त्याच भेगेतून हवाही जास्त शिरते. गव्हाचे दाणे भरण्याची व उन्हाळी भुईमुगाची पहिली पाणी देण्याची वेळ नेमकी हीच असते. म्हणून पातळी उतरत असताना जो जोड नव्याने उघडा पडेल तो त्याच आठवड्यात तपासावा.

अशा वेळी पंप कमी पडतो असे समजून ५ ऐवजी साडेसात अश्वशक्तीचा पंप बसवण्याकडे कल असतो. मोठा पंप त्याच सक्शन पाईपमधून जास्त पाणी ओढू पाहतो. त्यामुळे नळीतील दाब आणखी कमी होतो आणि गळती वाढते. वीस-तीस हजारांचा खर्च होऊन पाणी होते तेवढेच राहते. मोटार रिवाईंडिंग करून आणल्यावरही फरक पडला नाही, अशी तक्रार येते तेव्हा दोन गोष्टी विचाराव्यात. मोटार बाणाच्या दिशेनेच फिरते ना? आणि सक्शनचे जोड तपासले का?

ठिबक व तुषार संच असलेल्या शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावे की गाळणी पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला असते. पंप चालू असताना तेथून हवा शिरत नाही. लॅटरलमधून फुसफुस आवाज सतत येत राहिला तर गाळणी खोलण्याआधी सक्शन पाहावे. विहिरीच्या काठावरील सौर पंपालाही हेच नियम लागू आहेत. सकाळी ऊन कोवळे असताना पंपाची गती कमी असते, तेव्हा थोडी हवाही त्याला पाणी सोडायला लावते. नळी पाण्यात बुडवलेल्या सबमर्सिबल पंपाला सक्शन पाईपच नसतो, म्हणून आजचे विवेचन त्याला लागू नाही.

फूट व्हॉल्व्हविषयी

फूट व्हॉल्व्हची चामडी किंवा रबरी झडप वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यात, काढून पाहावी. झडपेखाली वाळूचा कण किंवा काडी अडकली तरी रात्रीत पंप रिकामा होतो. नवा फूट व्हॉल्व्ह घेताना आय.एस. १०८०५ हे भारतीय मानक पाहून कमी अडथळ्याचा घ्यावा. जाळीची छिद्रे मोकळी व पुरेशी असावीत.

यासाठी विहिरीत उतरावे लागते, म्हणून एक सूचना कळकळीने करतो. एकट्याने उतरू नये. कमरेला दोर बांधून, वर दोन माणसे ठेवून, मेन स्विच बंद करूनच उतरावे. खोल विहिरीत तेलाचे इंजिन चालू असताना किंवा नुकतेच बंद केलेले असताना मुळीच उतरू नये. इंजिनाच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो, आणि माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो. एका फूट व्हॉल्व्हसाठी जीव धोक्यात घालू नये.

थोडक्यात क्रम

पिंप भरून पाणी मोजावे. ॲमीटर पाहावा. पंप बंद ठेवून ओल शोधावी. पंप चालू ठेवून फेस व ओल्या पोतड्याने खात्री करावी. आधी प्लग, कॉक व ग्लँड, मग फ्लँज व जोड, शेवटी फूट व्हॉल्व्ह असा क्रम ठेवावा. दुरुस्तीनंतर पुन्हा पिंप भरून वेळ मोजावी, म्हणजे दुरुस्ती खरोखर झाली की नाही हे कळेल. एवढे सर्व करूनही पाणी कमीच असेल, तर मग पंखा झिजला आहे का हे कारागिराकडून पाहून घ्यावे.

या तपासणीला अर्धा दिवस, एक साबणवडी, टेपची गुंडाळी आणि फार तर एक गॅस्केट लागते. गहू पेरून झाल्यावर पहिल्या नाजूक अवस्थेपर्यंत आपल्या हाती अडीच आठवडे असतात. त्या अडीच आठवड्यांतला एक दिवस पंपासाठी ठेवावा, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.